सराउंडराव

टीव्हीला पुढची बाजू असते, यावर सराउंडरावांचा फारसा विश्वास नाही. कुणाकडे नवा टीव्ही आला की बाकीची मंडळी समोर उभी राहून ‘केवढ्याला पडला?’ असं विचारतात. सराउंडराव थेट भिंतीला गाल लावतात, मोबाइलचा टॉर्च पेटवतात आणि टीव्हीमागे डोकं घालून तिथूनच म्हणतात, “ऑप्टिकल दिसतंय. पण एआरसी कुठल्या एचडीएमआयला दिलंय?” यजमानांना तोवर आपल्या टीव्हीला पाठ आहे हेच ठाऊक नसतं. चहा येतो, गार होतो, बशीतली चकली सादळते, आणि सराउंडराव कपाळाला धूळ लावून बाहेर येतात. चित्र कसं आहे, हे त्यांनी पाहिलेलं नसतं.

त्यांचं खरं नाव गेटजवळच्या पत्रपेटीवर लिहिलेलं आहे. ते फक्त पोस्टमन वाचतो. सोसायटीतल्या पोरांनी त्यांना सराउंडराव केलं आणि चार-सहा महिन्यांत देखभालीची पावतीसुद्धा त्या नावाने फाटता फाटता राहिली. असा एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतो. कोथरूडला असतो, डोंबिवलीला असतो, न्यू जर्सीतल्या मराठी मंडळातही असतो. तिकडच्याला घराखाली तळघर मिळतं, त्यामुळे तो माणसांतून पार उठलेला असतो, एवढाच फरक.

या वेडाचं मूळ ‘शोले’त आहे. लहानपणी मामाने त्यांना मुंबईला नेऊन मिनर्व्हात तो सिनेमा दाखवला. १९७५ साली लागलेला ‘शोले’ तिथे पाच वर्षं मुक्कामाला होता, त्यामुळे मामाला घाई नव्हती. सत्तर एमएमचा पडदा आणि स्टिरिओफोनिक आवाज. जयने उडवलेलं नाणं पडल्याचा आवाज आला की प्रेक्षक वाकून आपल्या खुर्चीखाली बघायचे, असं त्या काळचे लोक सांगतात. आमचे सराउंडराव त्या वाकणाऱ्यांतले. बाकीचे हसून सरळ बसले. हे अजून वाकलेलेच आहेत.

पुढची वर्षं त्यांनी दूरदर्शनवर काढली. १९८७ साली ‘रामायण’ सुरू झालं तेव्हा लोक टीव्हीला हार घालत होते आणि हे गृहस्थ मनातून हळहळत होते, की रामाचा बाण आणि रावणाचा बाण एकाच स्पीकरमधून सुटतायत. २००९ साली ‘स्लमडॉग मिल्यनेअर’ला ऑस्कर मिळाली. त्या दिवशी सगळा देश रहमानसाठी नाचत होता. सराउंडरावांनी ऑफिसात पेढे वाटले ते रसूल पूकुट्टी यांच्या ध्वनिमिश्रणाच्या ऑस्करसाठी. सहकाऱ्यांनी पेढे खाल्ले, वहिनींना फोन करून ‘मुलगा की मुलगी’ तेवढं विचारायचं राहिलं.

मग २०१३चा मार्च अखेर आला. पुण्यासकट अडतीस शहरांत केबलला सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला. सोसायटीत त्यावरून केवढं रणकंदन झालं! डबा कुणाच्या मालकीचा, दर महिन्याला किती, मराठी वाहिन्या कितव्या नंबरवर, पावसात बंद पडला तर जबाबदार कोण. सराउंडरावांनी मात्र केबलवाल्याच्या हातातून डबा घेतला, उलटा केला आणि त्यांचा चेहरा उजळला. मागे एक चौकोनी भोक होतं. त्याला चिमुकलं दार होतं. दाराआड लाल प्रकाश होता.

“टॉसलिंक!” ते म्हणाले. “तोशिबाने १९८३ साली काढलेलं. आवाज उजेडातून जातो.”

“तीनशे रुपये ॲडव्हान्स,” केबलवाला म्हणाला.

त्या उजेडातून जो आवाज आला तो दोनच वाटांचा, साधा डावा-उजवा निघाला. मग एचडी डबा आला, मग छत्रीवाल्या कंपनीचा आला. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानदारांना सराउंडरावांची पावलं ओळखू यायला लागली. रिसीव्हर आला. पुढे डावा, उजवा, मध्ये सेंटर, मागे दोन सराउंड असे पाच स्पीकर आले. राहिला ‘पॉइंट वन’. पाच स्पीकरांत संपूर्ण आवाज जातो आणि फक्त खालचा गडगडाट, म्हणजे साधारण १२० हर्ट्झच्या आतला, वेगळा काढून सबवूफरला देतात. तो पूर्ण वाटेचा लहानसा भाग असतो, म्हणून पॉइंट वन. पाच आणले तिथे एकदशांशाचं काय एवढं, अशा समजुतीने वहिनींनी होकार दिला. तो एकदशांश जिन्यातून वर आला तेव्हा त्याला दोन हमाल होते.

एवढं करून पुन्हा आवाज दोनच वाटांनी. रिसीव्हरच्या पाटीवर, काय येतंय ते बारीक अक्षरांत दिसतं. सराउंडरावांना तिथे ‘३/२.१’ हवं होतं. पुढचे तीन, मागचे दोन आणि तो हमालांचा. दिसायचं ‘२/०’. सोफ्यावरून आई विचारायच्या, “दोन बाद शून्य? कोण खेळतंय रे?”

यातली ग्यानबाची मेख अशी होती. डब्याची वायर टीव्हीला लावलेली आणि टीव्हीची ऑप्टिकल रिसीव्हरला. बरेचसे टीव्ही एचडीएमआयमधून आत आलेला पाच वाटांचा आवाज पुढे पाठवताना त्याच्या दोनच वाटा करतात. देवगडहून पाच डझनांची पेटी निघावी, वाटेत एका नातेवाइकाकडे वस्तीला राहावी आणि आपल्याकडे दोन डझन पोचावी, तसा प्रकार. शिवाय नातेवाईक वर विचारतात, “पोचली ना?” तर मग टीव्हीला वगळून डब्याची ऑप्टिकल थेट रिसीव्हरला दिली. तरी ‘२/०’. कारण डब्याच्या मेनूत, भाषेच्या आणि पालकांच्या कुलपाच्याही खाली, ऑडिओ म्हणून एक ओळ होती आणि तिथे ‘पीसीएम’, म्हणजे दोनच वाटांचा आवाज, निवडलेलं होतं. पण हे कळण्याआधी कस्टमर केअरचा अध्याय घडला. तो मी स्वतः ऐकलेला आहे, कारण सराउंडराव फोनसुद्धा स्पीकरवर टाकून बोलतात.

“सर, आवाज येत नाही अशी तक्रार आहे का?”

“आवाज येतोय.”

“येतोय. मग सर, आपली अडचण काय आहे?”

“तो समोरून येतोय.”

फोनवर थोडी शांतता. “सर, टीव्ही कुठे आहे?”

“समोर.”

“मग बरोबर आहे, सर.”

“अहो, मागून यायला पाहिजे!”

“मागे दुसरा टीव्ही आहे का, सर? दुसऱ्या कनेक्शनवर सध्या ऑफर आहे.”

शेवटी त्या मुलीने डबा बंद करून दहापर्यंत मोजायला लावलं, सिग्नल रिफ्रेश केला आणि ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे’ असा मेसेज पाठवला. दुसऱ्या दिवशी एक माणूसही आला. गच्चीवर जाऊन त्याने, कुणी सांगितलेलं नसताना, छत्री थोडी फिरवली, खाली येऊन टीव्हीचा आवाज मोठा केला आणि म्हणाला, “काका, खणखणीत आहे की!” छत्री फिरवल्याने त्या आठवड्यात दोन वाहिन्या दिसेनाशा झाल्या. त्यांतली एक वहिनींच्या मालिकेची होती. त्या दिवसापासून ‘मागून आवाज’ हा विषय घरात काढायची चोरी झाली.

तरी एका संध्याकाळी मेनूतली ती ओळ सापडली आणि पाटीवर ‘३/२.१’ उमटलंच. सराउंडरावांनी पाटीचा फोटो काढला, तो अजून त्यांच्या मोबाइलच्या पडद्यावर आहे. मुलाच्या मुंजीचा होता तो गेला. मात्र सुख लागलं तरी सलग लागत नाही. आपल्याकडे काही एचडी वाहिन्याच ५.१ पाठवतात, आणि त्यांच्यावरही सगळे कार्यक्रम मुळात तसे बनवलेले नसतात. सिनेमा लागला की पाटी खुलते, बातम्या लागल्या की मावळते. त्यामुळे सराउंडराव कार्यक्रम बघून वाहिनी लावत नाहीत, पाटी बघून लावतात. मगरीचा कुठलासा डब केलेला सिनेमा त्यांनी कितीदा पाहिला असेल कोण जाणे. गोष्ट विचारा, सांगता येणार नाही. मगर पुढून डावीकडे जाते आणि मागच्या उजव्या कोपऱ्यातून शेपटी आपटते, एवढं पक्कं.

मध्यंतरी आणखी एक विघ्न आलं. आवाज सरळ रिसीव्हरकडे जायचा आणि चित्र मात्र टीव्हीच्या आत नटूनथटून थोडं उशिरा पडद्यावर यायचं. त्यामुळे नायिका तोंड उघडायच्या आधीच हंबरडा फोडायची. सराउंडराव मिलिसेकंद मोजून तो उशीर दुरुस्त करेपर्यंत आईंनी मात्र मालिका मजेत पाहिली. कोण रडणार ते आधीच कळायचं.

आता स्पीकर कुठे ठेवायचे, यालाही नियम आहे. आंतरराष्ट्रीय शिफारस अशी, की पुढचे दोन मधल्या रेषेपासून तीस-तीस अंशांवर आणि मागचे शंभर ते एकशेवीस अंशांच्या दरम्यान हवेत. सराउंडरावांनी मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, सोफ्यावर ज्या ठिकाणी आपलं डोकं येतं तिथून सुतळी ताणली आणि एकशेदहा अंश काढले. उजवी सुतळी फ्रिजच्या डोक्यावर गेली. डावी गेली ती थेट देव्हाऱ्यात.

“गणपती थोडा सरकवला तर?” त्यांनी विचारलं.

आईंनी नुसतं पाहिलं. डावा स्पीकर आता मोरीच्या वाटेवर एका स्टँडवर उभा असतो, आणि रात्री उठणारं प्रत्येक माणूस त्याला धडकून त्याची माफी मागतं.

या पंचक्रोशीच्या मधोमध जी जागा येते तिला ते ‘स्पॉट’ म्हणतात. पाहुणा आला की त्याला तिथे बसवतात, खांदे धरून दोन इंच डावीकडे घेतात, पंखा बंद करतात. पंख्याची घरघर सूक्ष्म आवाज खाते. घामाघूम पाहुणा पावसाचा प्रसंग ऐकत बसतो. सराउंडराव पडद्याकडे नव्हे, पाहुण्याच्या मानेकडे बघत असतात. मान मागे वळली, की यज्ञ सफल. एकदा त्यांच्या साडूंची मान खरोखर वळली. “काय क्लॅरिटी आहे! कुकरची शिट्टी अगदी मागे झाल्यासारखी वाटली.” सराउंडराव धन्य झाले. प्रसंग जंगलातला होता आणि शिट्ट्या तीन झाल्या, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. वहिनींनी आत जाऊन गॅस बारीक केला आणि त्याविषयी आजतागायत एक शब्द काढलेला नाही. संसार म्हणतात तो असा.

हे सगळं थोतांड आहे असं मात्र मी म्हणणार नाही. एकदा वानखेडेवरचा सामना मी त्यांच्याकडे पाहिला. समालोचक समोर बोलत होते आणि चेंडू सीमेकडे निघाला तसा माझ्या दोन्ही कानांमागून एवढा गलका उठला, की मी नकळत अंग चोरून बसलो; मागचा माणूस माझ्या डोक्यावरून उडी मारणार असं वाटलं. मागे फ्रिज होता. त्या संध्याकाळी मी घरी येऊन आमचा टीव्ही लावला तर सामना डब्यात बसून कुणीतरी सांगतंय असं वाटलं. आजकालचे टीव्ही इतके चपटे, की त्यांचे स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून बसवलेले असतात. टीव्ही भिंतीशी बोलतो आणि आपण ते आडून ऐकतो. घरोघरच्या म्हाताऱ्यांना संवाद कळत नाहीत ते उगीच नाही.

त्या सामन्यानंतर उंदराने सेंटरची वायर कुरतडली. संवाद आणि समालोचन बहुतांश त्या मधल्या स्पीकरमधून येतं. वायर तुटली हे रिसीव्हरला कळत नाही, तो आपला इमानाने समालोचन तिकडे पाठवत राहतो. सराउंडराव ऑफिसात. अप्पा, म्हणजे त्यांचे वडील, एकटेच सामना बघत बसले होते. मैदानावरचा गलका, बॅटचा ठोका, एवढंच ऐकू येत होतं. संध्याकाळी सराउंडराव आले, ऐकलं आणि घाबरून मागे धावले.

“आज कॉमेंट्री फार सुरेख आहे रे,” अप्पा म्हणाले.

“अप्पा, कॉमेंट्री नाहीच आहे!”

“तेच म्हणतोय मी.”

सासुरवाडीला या व्यासंगाची कीर्ती वेगळ्याच वाटेने पोचली. सासुरवाडी साताऱ्याची. वहिनींच्या तोंडून फोनवर ‘यांनी डॉल्बी घेतलाय’ एवढंच गेलं, आणि साताऱ्या-कोल्हापुराकडे डॉल्बी म्हणजे मिरवणुकीत ट्रॅक्टरवर रचलेली, घरांच्या काचा हलवणारी भिंत. सासरे दुसऱ्या दिवशी हजर. आधी त्यांनी जावयाची नोकरी शाबूत आहे ना ते आडून विचारलं. मग म्हणाले, “धंदा चांगला आहे, पण गणपतीत पोलीस उचलून नेतात हो. वरात घ्या, जयंत्या घ्या. ट्रॅक्टर घेतला का भाड्याचा?” सराउंडरावांनी त्यांना स्पॉटवर बसवून सूक्ष्म पाऊस ऐकवला. सासऱ्यांनी अखेरपर्यंत वाट पाहिली आणि परत जाताना लेकीला बाजूला घेऊन विचारलं, “एवढ्या लहान आवाजाला सुपारी देतं कोण?”

आवाज लहान कुठला! खालच्या मजल्यावरचे चेअरमन त्याबद्दल सांगू शकतील. रात्री दहानंतर निवासी भागात ४५ डेसिबलच्या वर आवाज नको, या नियमाची प्रत त्यांनी नोटीस बोर्डावर लावली. नाव कुणाचं घातलं नाही, पण कागद सराउंडरावांच्या दारासमोरच्या बोर्डावर चिकटवला. सराउंडराव मोबाइलमधलं मोजणीयंत्र घेऊन खाली गेले.

“चेअरमनसाहेब, माझ्या सोफ्यावर बसून मोजा. बास काहीच नाही.”

आणि ते खरं होतं! चाळीस हर्ट्झचा आवाज घ्या. त्याची लाट सुमारे अठ्ठावीस फूट लांब. सराउंडरावांचा हॉल चौदा फुटांचा, म्हणजे बरोबर अर्धी लाट भिंत ते भिंत मावते. अशी मावली, की दोन्ही भिंतींपाशी दणका आणि मधोमध जवळजवळ शून्य. सोफा कोनमापकाने मधोमध बसवलेला. त्यामुळे सराउंडरावांना बास कमी पडायचा, म्हणून ते वाढवायचे. भिंतीलगत कॉटवर बसलेल्या आईंच्या मांडीवरचं वातींचं ताट थरथरायचं, आणि खाली चेअरमनांच्या शोकेसमधले सेवानिवृत्तीचे ग्लास एकमेकांवर आपटायचे.

“म्हणजे तुमच्या सबवूफरचा सगळ्यांत चांगला आवाज कुठे येतो?” चेअरमनांनी विचारलं.

“प्रामाणिकपणे सांगायचं तर तुमच्याकडे,” सराउंडराव हळहळून म्हणाले.

त्यावर खरं तर सोफा दोन-तीन फूट मागे सरकवायचा, की बास सापडला असता. पण मग एकशेदहा अंश बिघडतात. अंश की शेजारी, या पेचात त्यांनी अंश निवडले.

घरच्यांनी मात्र आपला तोडगा केव्हाच काढला होता. रिसीव्हरच्या रिमोटवर ‘नाइट’ नावाचं एक बटण आहे. ते दाबलं की मोठे आवाज दबतात, बारीक आवाज वर येतात. स्फोट आणि कुजबुज एकाच पायरीवर येऊन बसतात. सराउंडरावांच्या लेखी याहून मोठं पातक नाही. संगीतकाराने दिलेले चढउतार कुणी इस्त्री करून सपाट करतं का? ते ऑफिसला निघाले, लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला, की आई ते बटण दाबायच्या. कोण कुणाला काय म्हणालं ते सगळं कळायचं. संध्याकाळी लिफ्ट वाजली की पुन्हा दाबून पूर्ववत. बाकी त्या रिमोटवरचं एकही बटण त्यांना ओळखता येत नाही. वर्षानुवर्षं हे सुरळीत चाललं होतं.

परवा मुलगा नोकरीच्या पहिल्या पगारातून आजीसाठी साउंडबार घेऊन आला. एक लांबट पट्टी आणि एक एचडीएमआयची वायर. ती त्याने टीव्हीच्या एआरसीला लावली आणि लागलंच. टीव्हीच्या रिमोटने आवाज कमीजास्त होऊ लागला, संवाद स्वच्छ, ओटीटीवरचा सिनेमा लावला तर पट्टीच्या दिव्यावर ॲटमॉसची खूण. आजीने नातवाची दृष्ट काढली. सराउंडराव पट्टीसमोर मांडी घालून बसले. चेहरा पडलेला.

“काय झालं, बाबा?”

“पहिल्याच फटक्यात लागलं,” ते म्हणाले. “काहीतरी चुकतंय.”

दोन दिवस ते पट्टीच्या सेटिंगमध्ये होते. चूक सापडली नाही, ॲटमॉस सापडलं. पाचाच्या भोवती आता वरूनही आवाज हवा. २०१२ पासून थिएटरांत तो येतोच आहे. पट्टी तो छतावर आपटवून खाली आणते, हे सराउंडरावांना मंजूर नाही. परतलेला आवाज म्हणजे उष्टा आवाज. स्पीकर छतातच पाहिजेत, निदान चार. सुताराकडून फॉल्स सीलिंगचा अंदाज घेऊन झाला आहे, आणि वहिनी ‘मी माहेरी जाते’ म्हणाल्या तेव्हा “डॉल्बीचं काही बोलू नकोस तिकडे” एवढंच त्यांनी सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी काल चेअरमनांकडे लेखी विचारणा केली आहे, की ड्रिलचा बिट किती इंचांचा आणि स्लॅब किती इंचांचा. सर्वसाधारण सभा रविवारी दहाला आहे. माइकची व्यवस्था सराउंडरावांनी स्वतःकडे मागून घेतली आहे.